व्हित्तोरियो यानो: श्रेयाचा हिशेब अजून मिटलेला नाही

1925 साली अल्फा रोमिओने ग्रां प्री शर्यतींचं पहिलं जागतिक विजेतेपद मिळवलं आणि त्या आनंदात कंपनीच्या बोधचिन्हाभोवती विजयमाला चढली. 1956 मध्ये हुआन मान्युएल फांजिओ फेरारी संघाकडून जगज्जेता झाला. 1974 ते 1976 अशी सलग तीन वर्षं लान्शियाच्या स्त्रातोस गाडीने रॅलीचं जागतिक विजेतेपद सोडलं नाही. कंपन्या तीन, मधे अर्धं शतक, तरीही तिन्ही यशांच्या मुळाशी एकाच माणसाचं नाव घेतात: व्हित्तोरियो यानो. तिसऱ्या यशाची सुरुवात झाली तेव्हा त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

हे नाव किती ठिकाणी शोभतं आणि किती ठिकाणी सवयीने चिकटलेलं आहे, यावर शर्यतींचे अभ्यासक कितीतरी वर्षं वाद घालत आहेत. यानोने आत्मचरित्र लिहिलं नाही. त्याच्याबद्दल लिहिलं ते इतरांनी, आणि त्यातल्या प्रत्येकाचा आपापला हिशेब होता. एन्झो फेरारीच्या आठवणी 1962 मध्ये पुस्तकरूपाने आल्या. यानोच्या हाताखाली शिकलेल्या जोआक्किनो कोलोंबोने आपली बाजू बऱ्याच उशिरा मांडली. अल्फाच्या ड्रॉइंग ऑफिसात यानोबरोबर काम केलेल्या लुईजी फुझीने पुढे कंपनीच्या गाड्यांची तपशीलवार नोंद केली. ग्रिफिथ बोर्जेसनसारख्या इतिहासकाराने जुन्या मंडळींना गाठून बोलतं केलं. ही साधनं एकमेकांना पूरक आहेत, पण काही नेमक्या जागी ती एकमेकांना छेद देतात. या लेखात त्याच जागा क्रमाने पाहू.

तुरीनची शाळा

यानोचा जन्म 22 एप्रिल 1891 चा, पिएमाँत प्रांतातल्या सान जॉर्जो कानावेझे या गावचा. घराणं मूळचं हंगेरीतलं असल्याचं सांगतात. विशीच्या आतच तो तुरीनच्या रॅपिड या मोटार कंपनीत आराखडे काढू लागला आणि 1911 मध्ये फियाटमध्ये गेला.

मुंबईकराला फियाट म्हटलं की एकेकाळी कुर्ल्यात बनणारी आणि टॅक्सी म्हणून रस्तोरस्ती दिसणारी काळी-पिवळी गाडी आठवते. विशीच्या दशकात मात्र हीच कंपनी ग्रां प्री शर्यतींत सगळ्यांच्या पुढे होती. ग्विदो फोर्नाकाच्या देखरेखीखालच्या तिच्या तांत्रिक कार्यालयात जुलिओ चेझारे काप्पा, त्रांक्विल्लो झेर्बी, विन्चेन्झो बेर्तारियोने असे लोक होते. त्यांच्यातला कार्लो काव्हाल्ली तर शिक्षणाने वकील. इथे एकेक गाडी अनेकांच्या हातून घडायची आणि नाव व्हायचं ते कंपनीचं. पुढच्या साऱ्या वादांचं बीज या पद्धतीत आहे. ज्या कार्यालयात कोणाच्याच कामावर कोणाची सही नसते, तिथून बाहेर पडलेला माणूस सोबत नेमकं काय घेऊन गेला, हे ठरवायचं कसं?

बाहेर पडणारेही बरेच होते. बेर्तारियोने इंग्लंडमध्ये सनबीमकडे गेला. 1923 ची फ्रेंच ग्रां प्री सनबीमने जिंकली, तेव्हा या गाड्या म्हणजे हिरवा रंग दिलेल्या फियाट, असं उघडपणे बोललं गेलं. त्याच सप्टेंबरात मोंझाला जुझेप्पे मेरोझीने आखलेली अल्फाची पी-1 सरावात धडकली, चालक उगो सिव्होच्ची ठार झाला आणि अल्फाने शर्यतीतून माघार घेतली. शर्यत जिंकली फियाटच्या 805 ने. सुपरचार्जर लावलेल्या गाडीने ग्रां प्री जिंकण्याची ती पहिलीच वेळ.

फियाटमधून अल्फात आलेल्या लुईजी बाझ्झीने यानोचं नाव सुचवलं. त्याला आणायला तुरीनला गेलो तो मीच, असं एन्झो फेरारी सांगतो. जिना चढून जाणं, दारात यानोची बायको भेटणं, नवरा तुरीन सोडणार नाही असं तिने सांगणं, असा सगळा प्रसंग तो रंगवतो. इतर कथनांत फेरारी केवळ निरोप्या आहे आणि खरी बोलणी अल्फाच्या वरच्या माणसांनी केली असं दिसतं. हा वाद वरवर किरकोळ वाटेल. पण यानोच्या कारकिर्दीची निम्मी गोष्ट आपल्यापर्यंत फेरारीच्या तोंडून येते आणि त्या गोष्टीत फेरारी स्वतःला कुठे उभा करतो, हे इथे पहिल्यांदा दिसतं.

पी-2: फियाटची नक्कल?

पहिला खरा वाद पी-2 चा. 1923 च्या उत्तरार्धात यानो मिलानला आला. जून 1924 मध्ये क्रेमोनाच्या शर्यतीत पी-2 उतरली आणि अंतोनिओ अस्कारीने ती पहिल्याच झटक्यात जिंकून दिली. ऑगस्टमध्ये ल्यों इथे जुझेप्पे काम्पारीने फ्रेंच ग्रां प्री जिंकली. वर्षही उलटलं नव्हतं.

इतक्या कमी वेळात कोऱ्या कागदावरून अशी गाडी उभी राहत नाही, असं नक्कलवादी म्हणतात, आणि त्यांच्या हातात आकडे आहेत. फियाटच्या इंजिनात ओळीने आठ सिलिंडर, व्यास 60 मिलिमीटर, स्ट्रोक 87.5, क्षमता 1979 सीसी. अल्फातही ओळीने आठ सिलिंडर, व्यास 61, स्ट्रोक 85, क्षमता 1987 सीसी. दोन्हीकडे पोलादी सिलिंडरभोवती पत्र्याची पाण्याची वेष्टनं वेल्डिंगने बसवलेली. दोन्हीकडे डोक्यावर दोन कॅमशाफ्ट, दर सिलिंडरला दोनच व्हॉल्व्ह आणि तेही रुंद कोनात झुकलेले. त्याआधी प्यूजोने रूढ केलेली चाल चार व्हॉल्व्हची होती. तेव्हा दोन व्हॉल्व्ह ही फियाटची खूणच म्हणायची.

यानोचे समर्थक हे साम्य नाकारत नाहीत. त्यांचे मुद्दे दोन. फियाटच्या शर्यत विभागात यानो स्वतः जबाबदारीच्या जागेवर होता, म्हणजे त्या आराखड्यात त्याचाही हात होता, मग स्वतःच्याच कामाची नक्कल कशी होईल? दुसरा मुद्दा अधिक वजनदार आहे. ल्योंच्या त्याच शर्यतीत फियाटच्या गाड्याही होत्या, त्या मोडल्या आणि त्यानंतर फियाटने ग्रां प्रीतून अंग काढून घेतलं. कल्पना फियाटची असेल, पण ती शेवटच्या फेरीपर्यंत टिकवली यानोने.

मला दुसरा मुद्दा पटतो, मात्र त्याचा अर्थ समर्थकांपेक्षा जरा वेगळा लागतो. पी-2 मध्ये नवीन असं फार थोडं आहे. कार्यशाळेला लावलेली शिस्त, सुट्या भागांची तपासणी आणि चाचणीत मोडलेली वस्तू पुन्हा मोडेनाशी होईपर्यंत तिच्यामागे लागण्याची चिकाटी यांत यानोची करामत आहे. हे गुण आराखड्यात दिसत नाहीत, म्हणून आराखडे शेजारी ठेवून वाद घालणाऱ्यांच्या नजरेतून ते निसटतात.

65 मिलिमीटरचा धागा

1927 ते 1934 या काळाबद्दल मतभेद जवळजवळ नाहीत, आणि यानोची खरी उंची याच काळात मोजता येते. 6सी 1500, तिच्यातून 6सी 1750, मग 8सी 2300 आणि शेवटी तिपो-बी, जिला सगळे पी-3 म्हणतात. 1750 च्या सहा सिलिंडरांचा व्यास 65 मिलिमीटर, स्ट्रोक 88. 2300 मध्ये तेच माप, फक्त सिलिंडर आठ. पी-3 मध्ये व्यास तोच 65 आणि स्ट्रोक 100, क्षमता 2654 सीसी. एका जमलेल्या मापाला धरून यानो रस्त्यावरच्या गाडीपासून ग्रां प्रीपर्यंत गेला. एकदा बसलेली घडी मोडायची नाही, तिच्यावरच पुढचं रचायचं, हा स्वभाव या आकड्यांतून दिसतो.

आठ सिलिंडरांचं इंजिन त्याने चार-चारच्या दोन ठोकळ्यांत विभागलं आणि कॅमशाफ्ट फिरवणारे गिअर मधोमध आणले. लांब शाफ्टला एका टोकाकडून फिरवलं की दुसरं टोक पिळवटून मागे राहतं. मधून फिरवल्यावर तो पीळ बराच कमी होतो. व्हॉल्व्हची फट जुळवण्याची त्याची युक्ती मेकॅनिक आजही वाखाणतात. व्हॉल्व्हच्या दांड्यावर आटे, त्या आट्यांवर छत्रीसारखी चकती, चकतीला दाते. खास पान्याने दोन दाते इकडेतिकडे सरकवले की काम झालं. कॅमशाफ्ट उतरवायची गरज नाही. रात्री उशिरा पिटमध्ये काम करणाऱ्या माणसाचा विचार कोणीतरी केलेला होता.

ल मान्सची 24 तासांची शर्यत 8सी 2300 ने 1931 ते 1934 सलग चार वेळा जिंकली. पी-3 ने 1932 मध्ये मोंझाला पदार्पणातच ताझिओ नुव्होलारीच्या हातून विजय मिळवला. शर्यतीत मेकॅनिक सोबत बसणं 1925 पासूनच बंद झालं होतं, पण गाड्यांचा सांगाडा दोन माणसांच्या रुंदीचाच चालत आला होता. पी-3 ही एकाच माणसाच्या मापाने बेतलेली ग्रां प्रीतली पहिली खरी गाडी. तिच्यात गिअरबॉक्सच्या मागेच डिफरन्शिअल होतं आणि तिथून दोन शाफ्ट फाकून एकेका मागच्या चाकाकडे जात. असं का, यावर एक छोटा वाद मात्र आहे. एक मत असं की चालकाला दोन शाफ्टच्या मध्ये खाली बसवायचं होतं. दुसऱ्या मतानुसार मागच्या आसावरचं वजन कमी करून चाक रस्त्याला नीट धरून राहावं, हा हेतू होता. गाडीत नुव्होलारी बऱ्यापैकी उंच बसलेला दिसतो, त्यामुळे दुसरं मत अधिक संभवतं.

उतरण आणि तिचं खापर

1934 पासून नवे नियम आले. रिकाम्या गाडीचं वजन 750 किलोच्या वर नको ही मुख्य अट, इंजिनाला मर्यादा नाही. मर्सिडीज आणि ऑटो युनियन हिटलरच्या सरकारचा पैसा पाठीशी घेऊन उतरल्या. जुलै 1935 मध्ये न्यूर्बुर्गरिंगवर नुव्होलारीने म्हाताऱ्या झालेल्या पी-3 मधून सगळ्या जर्मन गाड्यांना हरवलं. समोरच्या गाड्या शंभराहून अधिक अश्वशक्तीने जोरदार होत्या आणि शेवटच्या फेरीत आघाडीवरच्या फॉन ब्राउखिचचा टायर फुटला. त्या विजयाची कथा अजून सांगितली जाते, पण त्याने यानोचं संकट टळलं नाही. त्याच्या नव्या बारा सिलिंडरांच्या गाड्या मागे पडत गेल्या, 1937 ची 12सी-37 सपशेल फसली आणि वर्षअखेर त्याला अल्फा सोडावी लागली.

दोष कोणाचा? एका बाजूचं म्हणणं असं की 1933 पासून अल्फा सरकारच्या आयआरआय या संस्थेच्या ताब्यात गेली होती, व्यवस्थापक उगो गोब्बातोला विमानांची इंजिनं महत्त्वाची होती आणि शर्यतींना उरलासुरला पैसा मिळत होता. जर्मनांशी कोणीच टक्कर देऊ शकलं नसतं. दुसरी बाजू म्हणते की पैशाचं कारण अर्धंच खरं. चाकांचं स्वतंत्र सस्पेन्शन आणि ताठ सांगाडा यांचं महत्त्व यानोला उशिरा उमगलं, आणि जमलेल्या मापावर रचत जाण्याचा जो स्वभाव 1932 मध्ये बळ देऊन गेला तोच 1936 मध्ये अडचण झाला. फेरारीने यानोनंतर वर चढलेल्या विफ्रेदो रिकार्तवर राग काढला आहे. तो वाचताना फेरारी स्वतःही नंतर अल्फातून दुखावून बाहेर पडला होता, हे विसरू नये.

याच सुमारास कोलोंबोने मोदेनात अल्फाची 158 ही गाडी आखली. तिचंच लाडकं नाव अल्फेत्ता. 1950 आणि 1951 ची जागतिक विजेतेपदं याच घराण्याच्या गाड्यांनी मिळवली. ओळीने आठ सिलिंडर, दोन कॅमशाफ्ट, दोन व्हॉल्व्ह, रूट्स सुपरचार्जर हे सारं यानोच्या वळणाचं आहे, म्हणून काहीजण तिचंही श्रेय गुरूला देतात. इथे मला हा दावा ओढूनताणून केलेला वाटतो. फियाटमधून आलेल्या गोष्टी पी-2 मध्ये यानोच्या म्हणायच्या, तर यानोकडून आलेल्या 158 मध्ये कोलोंबोच्या म्हणायला हव्यात. दोन मापं कशाला?

लान्शिया: मागे राहिलेली नावं

यानो लान्शियात आला तेव्हा संस्थापक विन्चेन्झो लान्शियाचं नुकतंच निधन झालं होतं. युद्ध संपल्यावर मुलगा जान्नी लान्शियाच्या काळात तिथे मोठं काम झालं. 1950 ची ऑरेलिया ही व्ही-6 इंजिनाची पहिली उत्पादित मोटार. अनेक जुन्या पुस्तकांत हे इंजिन सरळ यानोच्या नावावर लावलेलं आढळतं. आता हे चित्र बदललं आहे. 60 अंशाच्या व्ही-6 मधल्या थरथरीचं गणित युद्धकाळात सोडवलं ते फ्रांचेस्को दे व्हिर्जिलिओ या इंजिनिअरने. जेफ्री गोल्डबर्गच्या अभ्यासाने त्याचं काम कागदपत्रांसह पुढे आलं. यानो त्याचा वरिष्ठ होता, परवानगी आणि पाठबळ त्याचं होतं. या एका मुद्द्यावर वाद बहुतांशी मिटला आहे.

शर्यतीच्या गाड्यांत गुंता अधिक आहे. डी-20 ने 1953 ची तार्गा फ्लोरिओ जिंकली, डी-24 ने त्याच वर्षी मेक्सिकोची कार्रेरा पानामेरिकाना आणि 1954 मध्ये मिल्ले मिल्या. इंजिनांच्या कामात एत्तोरे झाक्कोने मीनाचा वाटा मोठा होता. मग आली डी-50.

या गाडीची मांडणी मात्र यानोची, यावर बहुतेकांचं एकमत आहे, आणि साठीच्या उंबरठ्यापलीकडे गेलेल्या माणसाने ती केली याचं आश्चर्य वाटतं. जमलेल्या मापाचा आग्रह सोडून त्याने इथे जवळजवळ सगळंच नव्याने मांडलं. अडीच लिटरचं व्ही-8 इंजिन सांगाड्यात तिरकं बसवलं, त्यामुळे शाफ्ट चालकाच्या बाजूने गेला आणि बसण्याची जागा खाली आली. इंजिनाचा ठोकळाच सांगाड्याचा भाग झाला, पुढचं सस्पेन्शन थेट त्यावर जोडलं. पेट्रोलच्या टाक्या शेपटीतून काढून पुढच्या आणि मागच्या चाकांच्या मध्ये दोन्ही बगलांना टांगल्या. टाकी भरलेली असो वा रिकामी, तोल तोच राहावा हा हेतू. चालक सांगत की ही गाडी वळणावर विलक्षण धरून राहते, पण सुटली की क्षणात फिरते.

ऑक्टोबर 1954 मध्ये बार्सेलोनाच्या पेद्राल्बेस इथे आल्बेर्तो अस्कारीने तिला पदार्पणातच सर्वांच्या पुढे उभं केलं, काही फेऱ्या आघाडीही घेतली आणि मग क्लचने दगा दिला. मे 1955 मध्ये मोनॅकोत तो गाडीसह बंदराच्या पाण्यात गेला, वाचला आणि चार दिवसांनी मोंझाला फेरारीच्या गाडीची चाचणी घेताना ठार झाला. त्याचे वडील अंतोनिओ 1925 मध्ये माँलेरीला यानोच्या पी-2 मध्ये गेले होते. लान्शिया कर्जात बुडाली होतीच. जुलैमध्ये साऱ्या गाड्या, सुटे भाग आणि आराखडे फेरारीच्या हवाली झाले आणि सल्लागार म्हणून यानोही तिकडे गेला.

1956 च्या विजेतेपदाचं काय? फेरारीच्या माणसांनी इंधन पुन्हा शेपटीत नेलं, बगलेच्या टाक्या नुसत्या आवरणासारख्या उरल्या, इतरही बरेच बदल झाले. काहींच्या मते हा यानोच्या मूळ कल्पनेचाच बळी होता, गाडी जिंकली ती फांजिओमुळे. काहींच्या मते बदलांमुळेच ती चालकाला सांभाळता येईल अशी झाली. मूळ डी-50 पूर्ण मोसम धावलीच नाही, त्यामुळे तुलना करायला दुसरी बाजूच नाही.

दिनोच्या खोलीतली चर्चा

सर्वांत भावनिक वाद शेवटी येतो. एन्झो फेरारीचा मुलगा आल्फ्रेदो, म्हणजे दिनो, स्नायूंच्या असाध्य आजाराने 30 जून 1956 रोजी चोविसाव्या वर्षी गेला. फेरारीने लिहिलं आहे की मुलाच्या आजारपणात तो स्वतः, दिनो आणि यानो असे तिघे नव्या दीड लिटरच्या इंजिनाची चर्चा करत आणि त्यातून व्ही-6 ठरलं. दिनोचं नाव इंजिनाला मिळालं आणि ते टिकलं.

संशयवादी म्हणतात की व्ही-6 चा अनुभव असलेला माणूस त्या खोलीत एकच होता आणि तो लान्शियातून आला होता. पण इंजिन लान्शियाचं नव्हतं. इथे कोन 60 ऐवजी 65 अंशांचा आहे. मधल्या जागेत कार्ब्युरेटर आणि हवेचे मार्ग सरळ बसावेत म्हणून तो पाच अंशांनी वाढवला आणि ठोके समान पडावेत म्हणून क्रँकच्या पिना त्या हिशेबाने सरकवल्या. हा अनुभवी हाताचा निर्णय दिसतो. तरीही कोणती मांडणी, किती सिलिंडर, ही मूळ निवड एखादा शिकलेला, इंजिनांचं वेड असलेला तरुण करूच शकणार नाही, असंही नाही. दिनोने तांत्रिक शिक्षण घेतलं होतं.

इंजिनाची पुढची वाटचाल मात्र निर्विवाद आहे. 1957 मध्ये ते दीड लिटरच्या रूपात धावलं. वाढवून 2.4 लिटरचं झाल्यावर 1958 मध्ये माइक हॉथॉर्न जगज्जेता झाला. 1960 मध्ये मोंझाला फिल हिलने मिळवलेला विजय हा पुढे इंजिन असलेल्या गाडीचा जागतिक स्पर्धेतल्या ग्रां प्रीतला शेवटचा. मग कार्लो किटीचा 120 अंशांचा अवतार, फियाट दिनो, फेरारीची दिनो आणि शेवटी स्त्रातोस. रस्त्यावरच्या गाड्यांसाठी फ्रांको रोक्की आणि आउरेलिओ लांप्रेदी यांना त्यात पुष्कळ बदल करावे लागले. त्यामुळे स्त्रातोसचं यश यानोच्या खात्यात टाकणं म्हणजे नातवाच्या पगारावर आजोबांचा हक्क सांगण्यासारखं आहे.

काय सुटेल, काय सुटणार नाही

1965 च्या मार्चमध्ये, गंभीर आजारी असताना, यानोने तुरीनमध्ये स्वतःच आयुष्य संपवलं. त्याच वर्षी त्याचा मुलगाही गेला होता.

गेल्या काही दशकांत अभ्यासाचा रोख बदललेला दिसतो. पूर्वी एका गाडीमागे एक प्रतिभावंत शोधला जाई. आता हाताखालच्या माणसांच्या वह्या, चाचणीच्या नोंदी, आराखड्यांच्या कोपऱ्यातल्या सह्या तपासल्या जातात. दे व्हिर्जिलिओ याच वाटेने उजेडात आला. यानोच्या वाट्यातून त्यामुळे काही गोष्टी वजा झाल्या, पण पी-3 आणि डी-50 जिथल्या तिथे आहेत.

पी-2 चा प्रश्न उरलेल्यांपैकी सुटण्याजोगा आहे. फियाटचा संग्रह तुरीनला आणि अल्फाचा मिलानजवळच्या आरेझेला आहे. 1923 आणि 1924 चे आराखडे भागागणिक शेजारी मांडून, धातूंच्या आणि मापांच्या फरकांसह तुलना झाली, तर नक्कल किती आणि सुधारणा किती हे बरंचसं सांगता येईल. 1936-37 च्या अपयशासाठी अल्फाच्या जमाखर्चाची आणि गोब्बातोच्या पत्रव्यवहाराची शर्यतीच्या निकालांशी सांगड घालावी लागेल. ते काम शर्यतींच्या इतिहासकारापेक्षा उद्योगांच्या इतिहासकाराचं आहे. दिनोच्या खोलीत मात्र फक्त तिघे होते. त्यांतल्या एकानेच ती गोष्ट विस्ताराने लिहिली, आणि तो त्या मुलाचा बाप होता.